स्क्रिप्टमधून सुटलेला महिना

सोलापूर, अधिक ज्येष्ठ (हा 'अधिक' महाग पडला, ते पुढे येईलच)

चि. देवदत्तराव यांना सासऱ्यांचे आशीर्वाद. तुम्ही आणि सई पुण्यात खुशाल असालच. इकडे ऊन त्रेचाळीसवर आहे, माझा गुडघा आहे तिथेच आहे.

पत्र लिहायला कारण, दिवाळीत तुम्ही दिलेला जुना लॅपटॉप. ('बाबा, प्रोग्रामिंग शिका, वेळ जाईल' म्हणाला होतात. वेळ जातो, पण तारखा चुकतात.) तारखांची आठवण करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे तुमची ती स्क्रिप्ट, लिहिली; पहिल्याच स्क्रिप्टमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आणि सईच्या तीन मेच्या वाढदिवसाचा फोन मी पाच मार्चला केला. ती मीटिंगमध्ये होती. 'थँक्यू बाबा' म्हणाली आणि ठेवला. चूक आम्हा दोघांनाही मे उजाडेपर्यंत कळली नाही.

मग तिच्या आईची तिथी, ज्येष्ठ शुद्ध षष्ठी. तुम्ही म्हणाल, भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायची. पण ते दोन वर्षांपूर्वीच्या जूनवरच आहे. पानं गोदावरी उलटायची, आणि त्या पानावर गॅसची टाकी लावल्याची तारीख तिच्या अक्षरात आहे. माझ्याने ते उलटवत नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहिली: गेल्या वर्षीच्या तारखेत तीनशे चोपन्न दिवस (चांद्र वर्ष तेवढंच) मिळवले की यंदाची तिथी. त्यानुसार मे महिन्यातच गुरुजींना बोलावलं, पहाटे उठून खीर-वडे केले (वडे दाराला अडसर म्हणून चालले असते). गुरुजी पाटावर बसता बसता थबकले. म्हणाले, "काका, हा अधिक ज्येष्ठ आहे की! श्राद्ध निज ज्येष्ठात, पुढच्या महिन्यात." आणि गेले. चार माणसांची खीर मी दोन दिवस खाल्ली.

मग चूक शोधायला बसलो. लॅपटॉपचं घड्याळ तपासलं, लीप वर्ष तपासलं, प्रत्येक ओळीनंतर तारीख छापून पाहिली. सगळं बरोबर. फक्त दोन-तीन वर्षांनी येणारा अख्खा महिना मी धरलाच नव्हता. 'अहो, यंदा धोंड्याचा महिना आहे, जावयाला बोलवायचंय' असं वर्षाच्या सुरुवातीलाच सांगणारं माणूस आता घरात नाही. त्या दिवशी फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा विनंती अशी, की अमावास्येच्या आत सईला घेऊन या आणि स्क्रिप्ट बघून द्या. हे काम फोनवर होण्यातलं नाही.

तुमचा,
गंगाधर

ता.क. याच महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, हा निव्वळ योगायोग. शेजारच्या सुंदरम्माने पीठ करून ठेवलंय. ("सई लई दिवसांत आली न्हाई की," असं ती रोज म्हणते. 'कामात आहे' असं मी रोज सांगतो.)

आणखी एक. स्क्रिप्ट मी परवाच दुरुस्त केली, उत्तम चालते. सईला एवढं सांगू नका. ती म्हणेल, मग आता कशाला जायचं?