बाबांना सोसतील अशा स्प्रिंगा

टोलेडो, सोमवार

वेस,

तुझ्या हट्टापायी बाबांच्या एकाहत्तर सालच्या गाडीला शर्यतीच्या कडक स्प्रिंगा बसवल्या. तू ॲरिझोनात बसून फोनवर सांगतोस, "डार्ला, वळणावर गाडी झुकता कामा नये." बाबांच्या मणक्यात कॅन्सर आहे, हे तुझ्या लक्षात तरी असतं का?

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, त्यांना फिरवलं. रेल्वे फाटकावर त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली, ओठ पांढरे पडले. तरी म्हणाले, "गाडी छान झालीय. वेसला सांग."

दुसऱ्या दिवशी मी सगळं उचकटून मऊ स्प्रिंगा बसवल्या. आता गाडी वळणावर डुलते. काल फाटक ओलांडलं तेव्हा बाबा शेजारी घोरत होते.

हे पत्र पाठवणार नाही. तू विचारलंस तर कडकच आहेत म्हणायचं, असं त्यांनी बजावलंय. "पोराला वाईट वाटेल," म्हणतात. मला काय वाटतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

तुझी बहीण,
डार्ला