पंख्याला पडसं झालंय

ती. वन्संना साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच घातलाय, गोड मानून घ्या). तुमचा रक्तदाब, पायाची सूज आणि शेजारणीशी चाललेलं भांडण कसं आहे? इकडे सगळे बरे. तुमचे बंधुराज निवृत्त झाल्यापासून दिवसभर झोपतात आणि जागे झाले की झोप लागत नाही म्हणून कुरकुरतात.

पत्रास कारण असं, की चोपन्नाव्या वर्षी मी पुन्हा शाळेत जाऊ लागलेय. कारखान्याचं फर्मान निघालंय: पंखे तपासणाऱ्या सगळ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण घ्यायचं. पास होईल तो यंत्राला शिकवणार, नापास होईल तो पॅकिंगला. (तीस वर्षं पंखे ओळखले, आणि आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावू?) शिकवायला आलेली मुलगी माझ्या धाकटीहून लहान. मी तिला बाई म्हणते, ती मला मॅडम म्हणते, त्यामुळे पहिले दोन दिवस कोणी कोणाला शिकवायचं हेच ठरेना.

काम तसं सोपं. पंखा फिरतो, माइक आवाज टिपतो, आणि तो आवाज कसला हे आपण संगणकात लिहायचं. अशी हजारभर उदाहरणं दिली, की यंत्र आपलं आपण ओळखू लागतं. बाईंनी सांगितलं, टेबलावर नेहमी म्हणता तेच लिहा. आता मी नेहमी काय म्हणणार? तुम्ही शिकवलंत तेच! आठवतं ना? पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या एका कानात कापूस कोंबलात, दुसऱ्याला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावलीत, त्याचं टोक मोटरवर टेकवलंत आणि विचारलंत, "कोण वाटतंय?" मी नवी नवरी, भीत भीत म्हटलं, "मामंजी घोरताहेत." तुम्ही इतक्या हसलात, की सुपरवायझर धावत आला. तेव्हापासून आपल्या टेबलावर वंगण कमी म्हणजे मामंजी, पातं वाकडं म्हणजे पडसं, आणि स्क्रू सैल म्हणजे थोरल्या जाऊबाई. काय दिवस होते हो ते! डबा खाताखाता मध्येच घास थांबवून तुम्ही पलीकडच्या रांगेतला आजारी पंखा ओळखायचात. अजूनही त्या खोलीत शिरले की माझी नजर आधी डावीकडे, तुमच्या खुर्चीकडे जाते. तिच्यावर हल्ली प्रिंटर ठेवलाय. मला फार राग येतो त्याचा.

तर मी मन लावून लिहिलं, तीन आठवडे. काल मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन यंत्राची परीक्षा घ्यायला आले. पहिला पंखा लावला. भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: पडसं. दुसरा: मामंजी, खात्री सत्त्याण्णव टक्के. तिसऱ्याला थोरल्या जाऊबाई आल्या (आणि खऱ्या जाऊबाई, आपल्याच ऑफिसातल्या, साहेबांच्या मागेच फाइल घेऊन उभ्या! घरी काय झालं ते भेटीत सांगेन). बाईंनी कपाळाला हात लावला. पण पंखे उघडून बघतात तो तिन्ही निदानं बरोबर! साहेब म्हणाले, नावं तेवढी बदला. मी हुश्श करणार, इतक्यात चौथा लावला. यंत्र म्हणालं, ठीक. मी कान लावला, मलाही ठीकच वाटला. वीस मिनिटांत त्यातून धूर निघाला.

वन्सं, तुमच्या वेळी असा पंखा टेबलावरून पुढे जात नव्हता. पाचसहाशेंत एखादा तुम्ही न बोलता बाजूला काढायचात. मी मागाहून ऐकून बघायचे, काही कळायचं नाही. विचारलं मात्र कधी नाही, तेवढा ताठा होता अंगात. आता साहेबांनी पंधरा दिवस दिलेत. हा दोष यंत्राला शिकवला तर टेबल माझं, नाहीतर चिकटपट्टी.

बाकी सर्व क्षेम. औषध वेळेवर घ्या.

तुमची, आजपर्यंत तरी टेबलावरची,
धाकटी भावजय

ता.क. फोन न करता पत्र का, हे तुम्ही ओळखलंच असेल. गेल्या वेळी मी इकडून बोलत राहिले आणि तुम्ही "कोणीच बोलत नाही" म्हणून फोन ठेवून दिलात. मी रडले त्या दिवशी. म्हणून तर, तुम्हीच येऊन ऐका, असं वर लिहायचा धीर झाला नाही. पण पत्र घडी करताना एकदम लक्षात आलं. त्या पंख्यांना तुम्ही कान लावतच नव्हतात! डोळे मिटून नुसता तळहात ठेवायचात. वन्सं, या ना. हात कुठे ठेवायचा आणि काय लागलं की थांबायचं, एवढं दाखवा मला. यंत्राला मग मी समजावेन.

ता.ता.क. मंगळवारी नऊला गाडी येईल. फाटकावरचा पासही काढलाय. त्यावर 'येण्याचं कारण' या रकान्यात 'शिकवणं' असं लिहिलंय. नाहीच म्हणायचं असेल तर खुशाल फोन करा. मला काही ऐकू येणार नाही.