मी न पाठवलेली जिलेबी

बुधवार, सायंकाळी सात

आज मल्हारगंजात माधवच्या पत्नी, सुधावहिनी, भेटल्या. म्हणाल्या, "भावजी, दर रविवारी यांच्याबरोबर जिलेबी पाठवता, आता बस हं! यांची शुगर तरी बघा." मी हसलो आणि "बरं" म्हणालो.

मी जिलेबी कधीही पाठवलेली नाही. रविवारी सकाळी आम्ही कॉलेजचे मित्र पोहे खायला जमतो, पण माधव वर्षभरात एकदाही आलेला नाही. गुडघा दुखतो, असे त्याने आम्हाला सांगितले आहे. वहिनींच्या समजुतीप्रमाणे मात्र तो सात ते दहा आमच्यातच असतो.

मग तो जातो कुठे? आणि जिलेबी माझ्याच नावाने का? त्याहून मोठा प्रश्न असा, की इतरांच्या बारीकसारीक चुका सुधारणारा मी "बरं" का म्हणालो?

शेवटी त्याला फोन केला. विचारायचे होते ते तोंडातून निघेना.

"वहिनी भेटल्या होत्या. जिलेबी बंद करा म्हणाल्या."

त्याने हळूच विचारले, "तू काय बोलला, भिया?"

"बरं म्हणालो."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

त्याने मोठा श्वास सोडला. "या रविवारी तू चल माझ्यासोबत. पण कोणाला बोलू नको यार."

कुठे, ते त्याने सांगितले नाही. मीही "किती वाजता?" एवढेच विचारले.

सात वाजता. घरी काय सांगून निघावे, कळत नाही. पोह्यांना जातो, असेच सांगेन बहुधा. येताना जिलेबीही आणावी लागेल काय?