वार खाली आहे

२४ नोव्हें. १९८६, सोमवार. र.गिरी, दवाखाना
तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना कळलं. कळ नाही, दुखणं नाही, नुसतं तांबडं. मुलांना कविता पाठ करायला लावली आणि भिंत धरत ऑफिसात आले. हेडमास्तरांनी जयगडहून मासळी घेऊन येणारा टेम्पो अडवला. ड्रायव्हरशेजारी बसून शहरात. लुगड्याला अजून बांगड्यांचा वास.
सातवा लागलाय. लग्नाला सहा वर्षं. याआधी दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्यातच गेलं. इतकं पुढे आलेलं हे पहिलंच.
लिमये डॉ.बाईंनी नर्सला आतून तपासूच दिलं नाही. पोटावर लाकडी नळी ठेवून ठोके ऐकले. म्हणाल्या, बाळ छान आहे. पण वार खाली असावी. वार म्हणजे ज्यातून बाळ पोसतं ती. ती वर चिकटायची, माझी पिशवीच्या तोंडाशी चिकटलीय, असा त्यांचा अंदाज. कळा सुरू झाल्या तर बाळाआधी रक्तच.
आता पडून राहायचं. घरी जायचं नाही. किती दिवस, विचारलं. "बाळ मोठं होईपर्यंत."

२६ नोव्हें.
हे आले. लोट्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून तसेच एस.टी.त बसलेले. शर्टाला तिथला तो आंबूस वास, एरवी मला मळमळतं, आज बरं वाटलं. मोसंबी सोलत बसले. एक मला, एक स्वतःला. जाताना पायावरचं पांघरूण उगाच दोनदा नीट केलं.
आज तां. नाही. (तो शब्द पुरा लिहायला नको वाटतो.)

२९ नोव्हें.
सासूबाई गावाहून आल्या. खाटेशी न बसता उभ्याच. ओटी भरायची राहिली, घरात पहिलं नातवंड, आणि सून परक्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला घरी नेते म्हणाल्या, सुईणीला निरोपही दिलाय. मी सांगितलं, डॉ.बाई नको म्हणतात. त्यावर म्हणाल्या, "ती तुला ठेवणारच. तिचा कसला अभ्यास चाल्लाय, ठाव हाय काय तुला? मला नर्शीनं सांगितलान."
मला ठाऊक नव्हतं.
नर्सला विचारलं. खरं आहे. असं तां. जाणाऱ्या बायकांना पूर्वी लगेच मोकळं करत. बाई वाचायची, बाळ सातव्यातलं, बहुधा जात असे. डॉ.बाई बघतायत की नुसतं झोपवून ठेवलं, थांबलं, तर काय होतं. प्रत्येकीची नोंद ठेवतात. माझीही.
रात्रभर तेच डोक्यात. सशावर करतात तसं

१ डिसें.
विचारलंच. डॉ.बाई राउंडला आल्या तेव्हा बाजूला सासूबाई होत्या, बरंच झालं.
"माझ्यावर प्रयोग चाललाय का, बाई?"
त्यांनी नळी खिशात ठेवली आणि स्टूल ओढून बसल्या. यापूर्वी कधी बसल्या नव्हत्या.
"प्रयोग नाही. पण काय होईल ते मला माहीत नाही, हे खरं आहे. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"
मग सांगत राहिल्या. कोणाची वार पोट वाढतं तशी वर जाते, कोणाची जात नाही. कोणाची जाईल हे आधी सांगता येत नाही, तेच त्यांना शोधायचंय. कोल्हापूरला सोनोग्राफीचं यंत्र आहे, त्यात दिसतं. पण मला घाटातून गाडीत घालून न्यायला त्या तयार नाहीत. वाटेत पुन्हा तां. गेलं तर रस्त्यात कोण आहे? घरी जायचं तर अडवणार नाहीत, सही मात्र द्यावी लागेल. आणि नोंदीत नाव नको असेल तर काढतील, तपासणी तशीच चालेल.
सासूबाई ऐकत होत्या. त्या गेल्यावर म्हणाल्या, "खोटं बोलत नाय ती." एवढंच. संध्याकाळी गावाला निरोप धाडला, मी इथंच ऱ्हातंय म्हणून.
नाव राहू दे म्हटलं.

८ डिसें.
पडून पडून पाठीला चटके. छताच्या वाशांना नावं देऊन झाली.
शेजारच्या खाटेवर जैबुन आली. खाडीपलीकडची. नवरा बोटीवर, आता कुठल्या बंदरात असेल तिला सांगता येत नाही. दोन मुलं घरी सासूकडे. माझंच दुखणं, माझ्याहून एक महिना मागे. मला मास्तरीणबाय म्हणते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. आज बघते तर तिच्याच डब्यातली खापरोळी खातायत, वर नारळाच्या गोड रसात वेलची कमी झाली म्हणून सांगतायत.

१२ डिसें.
बाळ फार हलतं. दुपारच्या जेवणानंतर तर पोट एका बाजूला टेंगूळ आल्यासारखं. जैबुनला दाखवलं. तिचंही हललं की ती मला दाखवते. आम्हाला दुसरं कामच काय.

१६ डिसें.
(हे दोन दिवसांनी लिहितेय. तारीख तीच ठेवते.)
दुपारी पुन्हा. आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त. चादर, गादी, सगळं. जैबुननेच हाका मारल्या. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं, त्या देवाचं नाव घेत होत्या की मला शिव्या देत होत्या, कळलं नाही.
ऑपरेशनची खोली मांडली. डॉ.बाई माझ्या पोटावर हात ठेवून उभ्या, किती वेळ कोण जाणे. त्यांनी सांगितलं, आत्ता कापलं तर बाळ लहान आहे, श्वास घेईल असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. स्राव थांबणार असेल तर थांबू. नाही तर कापीन, तुला जाऊ देणार नाही. मी म्हटलं, बाळाचं बघा. त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "आधी तुझं बघणार. ते तू मला शिकवू नकोस."
बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून एक इंजेक्शन दिलं. मुंबईला आता देतात म्हणाल्या.
रक्त हवं होतं. लोट्याला फोन केला. संध्याकाळी हे आले, बरोबर पाळीतले चौघे, सायबांनी जीप दिली म्हणे. त्यातल्या दोघांचं जुळलं. ह्यांचं जुळलं नाही. तेवढ्यावरून बाहेर बाकावर बसून रडले, असं सासूबाईंनी मला नंतर सांगितलं.
स्राव थांबला. मेणबत्तीसारखा हळूहळू विझत थांबला.

१८ डिसें.
आहे. हलतंय. मीही आहे.

२३ डिसें.
तां. नाही. काल नाही, परवा नाही. पण खोकलासुद्धा भीतभीत येतो.
जैबुनने माझं ते सगळं पाहिलं, तेव्हापासून जाते म्हणतेय. "मना घरी जाव दे. मरायचा असला तं पोरांच्या म्होरं मरेन." सासूबाईंनी तिला जे झापलं! पोरांसमोर मरायला पोरांनी काय पाप केलंय, म्हणाल्या. ती रडली, आणि राहिली.

५ जाने. १९८७
कोल्हापूर नको, घाट नको. शहरातल्याच एका खाजगी दवाखान्यात यंत्र आलंय. डॉ.बाई स्वतः बोलून आल्या. मला स्ट्रेचरवरून अँब्युलन्समध्ये, हे पायाशी, बाई डोक्याशी.
आधी तांबे तांबे पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही, तरच नीट दिसतं. तिथे पोचलो तर लाइट गेलेली. देवा. लाइट येईपर्यंत मी आयुष्यात जेवढी कोणाला विनवणी केली नाही तेवढी वीज मंडळाला केली.
मग पोटावर गार चिकट काहीतरी. पडद्यावर पावसात टी.व्ही. बिघडतो तशी मुंग्यांची रांग. मला काही दिसेना. डॉ.बाई पुढे वाकल्या. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, पडद्याकडे नाही.
"वर आहे," त्या म्हणाल्या. "सुनंदा, वार वर आहे. तोंड मोकळं आहे."
ह्यांनी विचारलं, म्हणजे? म्हणजे बाळाची वाट मोकळी. कदाचित कापायलाही लागणार नाही. ह्यांना ठोका दाखवला, एक ठिपका उघडझाप करणारा. हे त्या ठिपक्यापुढे हात जोडून उभे.
मी आधी मोरीत धावले. नाही, धावले नाही, धावायचं नव्हतं. नेलं. तिथे बसून हसू की रडू.
परतताना विचारलं, आधी खरंच खाली होती? की आधीपासूनच कडेला होती? डॉ.बाई म्हणाल्या, आधीचं चित्र नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पुढच्या बायकांचं दोनदा बघणार.
सासूबाईंनी वॉर्डात सगळ्यांना साखर वाटली. चहाची साखर, कागदावर घेऊन.

१९ जाने.
व्हरांड्यात चार पावलं चालले. पाय दुसऱ्या कोणाचे तरी. समोर सुरूची झाडं, त्यामागे समुद्र असणार, आवाज येतो.

१ फेब्रु., रविवार
गुरुवारी सकाळी मुलगी झाली. साधं बाळंतपण. कळा मात्र साध्या नव्हत्या. वजन कमी आहे पण रडली अशी, की सासूबाई म्हणाल्या, आवाज शाळेत उपयोगी पडेल.
डॉ.बाईंनी वार उलटीसुलटी करून बघितली, फितीने मोजली, नर्सला काही लिहायला सांगितलं. मग माझ्याकडे आल्या आणि कपाळावरचे केस मागे सारले. मग स्टूल ओढून डोळे मिटून बसल्या. मला वाटत होतं, भीती फक्त मलाच होती.
हे पाळी टाकून आले. तिला घ्यायला घाबरतात. बोट धरायला दिलंय, तेवढ्यावर खूश.

८ फेब्रु.
आज घरी. नाव अजून ठरत नाही, तीन माणसांची चार मतं.
जैबुनचं परवा यंत्रात दुसऱ्यांदा बघितलं. तिची सरकली नाही. महिन्यापूर्वी होती तिथेच, तोंडावर, पुरती. कापावं लागणार, पण अजून दोन आठवडे तरी काढायचे, डॉ.बाई म्हणतात. तेवढ्यात तां. गेलं नाही तर. नवऱ्याची तार आली, बोट एडनला आहे.
माझी वर, तिची खाली. शेजारी शेजारी खाटा. डॉ.बाईंना विचारलं, का? तेच शोधतेय, म्हणाल्या.
निघताना तिच्या खाटेवर बसले. काही होणार नाही, असं म्हणणार होते. म्हणवलं नाही. गुरुवारी येते, खापरोळी मी करून आणते, एवढं म्हटलं. ती म्हणाली, "पोरीला दे जरा."
दिली. तिने पोटाला टेकवून निजवली. पोरगी झोपलेलीच. आणि एकदम दचकली, दोन्ही हात पसरून. डोळे टक्क उघडे.
जैबुन आधी घाबरली. मग तिच्या लक्षात आलं.
"आतून लाथ मारलान," म्हणाली.
आम्ही दोघी पोटाकडे बघत राहिलो, पुन्हा मारतंय का म्हणून. बाहेर ह्यांनी रिक्षा थांबवून ठेवली होती. थांबू दे म्हटलं.