काळ्या गोळ्या पाठवू नकोस

हिल्के, धाकटे,

माझं बरं चाललंय, हे आधी वाच. मग चष्मा पुसत बस.

हॉस्पिटलात खाट खिडकीशी मिळालीय. पाय मात्र पावासारखे फुगलेत.

इथली तरुण डॉक्टरीण म्हणते, "बाई, तुमच्या हृदयातल्या काही पेशी म्हाताऱ्या झाल्यात. काम करत नाहीत, मरतही नाहीत, वर शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवतात."

मी म्हटलं, "समजलं. आमच्या बहिणीचा नवरा."

तुझ्या हार्मला हे वाचून दाखव.

त्या निकम्म्या पेशींना हाकलणारं नवं औषध इथले डॉक्टर काही जणांना देऊन बघतायत. गुण येईलच असं तीही म्हणत नाही. पण मला घ्यायचं तर शुक्रवारपर्यंत अंगातलं पाणी उतरायला हवं, आणि वजन तर रोज वाढतंय. मीठ जास्त जातंय की काय म्हणून ती बिचारी माझं सूपसुद्धा चाखून बघायची. काल तिला उशीखाली तुझी पिशवी सापडली.

"हे काय?"

"ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या. बहीण बेटावरून दर पत्राबरोबर पाठवते."

"रोज किती खाता?"

"पत्र वाचायला लागतात तेवढ्या."

तिने कपाळाला हात लावला. ज्येष्ठमधानंच पाणी साठतं म्हणे. साठ वर्षं चघळतोय आपण, कुणी बोललं नाही!

तुझा दोष नाही, रडू नकोस. पिशवी तिला देऊन टाकली. तुझा गुडघा कसा आहे? बोटीची पायरी चढता येते का?

गोळीशिवाय तुझं पत्र घशाखाली उतरत नाही, म्हणून विचारते. गुरुवारी पत्र नको, तूच ये. रिकाम्या हातांनी.

तुझी थोरली,
त्रीन