तिसरा स्लायडर

बाभुळगाव
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय बादल,

देवीलालचा आशीर्वाद. दादाला फोन महाग झाला का, म्हणून हसशील. पण फोनवर तुझा घोगरा आवाज कानावर आला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून कागद घेतला.

याडीचे गुडघे धरलेत, आईचं वयच झालं आता, बाकी ठणठणीत. कापसाची पहिली वेचणी झाली. उज्ज्वला भाऊबीजेला माहेरी येऊन गेली, तुझी वाट पाहिली तिनं.

मागच्या आठवड्यात आपल्या ऑर्केस्ट्राचा मिक्सर माझ्या दुकानात दुरुस्तीला आला. मुकुटबनच्या भजनी मंडळाला विकलेला, तोच. त्यांचा हरिसिंग म्हणाला, "देवीलालभाऊ, लय खरखर करून राह्यला हा. तिसऱ्या माईकचा तं आवाजच जाते मधात."

स्प्रे मारून भागेल वाटलं, नाही भागलं. मग आवाज वर-खाली करायचे सगळे स्लायडर खोलले. आत काळी पट्टी असते, बोट रोज जिथे घुटमळतं तिथे ती झिजते. बाकीचे पाचही स्लायडर सातच्या आकड्यावर झिजलेले. तिसरा दोनवर. तिथे काळं उरलंच नव्हतं, आणि वरची पट्टी जवळजवळ नवीकोरी.

तिसरा माईक तुझा होता, बादल. बोट माझं.

आर्णीच्या कार्यक्रमात लोकांनी तुझ्या नावानं शिट्ट्या मारल्या. त्याआधी मी दोन गाणी म्हटली होती, कोणी मान वर केली नव्हती. मी जळलो. त्या दिवशी तुझा आवाज थोडा खाली केला आणि मग सवयच लागली. नऊ वर्षं. ट्रायलला बरोबर ठेवायचो, कार्यक्रम रंगला की खाली. तू मागे वळून म्हणायचास, "दादा, माहा आवाज मलेच ऐकू येऊन नाही राह्यला." मी म्हणायचो, "जोरानं म्हण ना मंग. अन् तो तंबाखूचा खर्रा सोड."

तू जोरानं म्हणत गेलास. गळ्यातून रक्त आलं तेव्हा दवाखान्यातही मीच खर्ऱ्याचं नाव पुढे केलं. तू ते खरं मानलंस. याडीपुढे कान पकडलेस, खर्रा सोडलास, गाणं सोडलंस आणि नागपूरला वॉचमन झालास.

काल जेवताना याडी पुन्हा म्हणाली, "माह्या बादलनं सोन्यासारका गळा खर्ऱ्यात घालवला." तुझा स्लायडर तेव्हा माझ्या खिशात होता. मी भाकर मोडत राहिलो.

मिक्सर दुरुस्त झाला. हरिसिंगनं तिसऱ्या माईकवर भजन धरलं, मी नवा स्लायडर सातवर नेला, आवाज स्वच्छ आला. एवढंच करायचं होतं मला तेव्हा.

जुना स्लायडर पाकिटात घालतोय. मागून खोललेलाच आहे, पट्टीवर नख फिरवून बघ. माफी मागायला मला तोंड नाही. तुझं उत्तर येवो न येवो, रविवारी याडीला सांगणार आहे. खर्ऱ्यानं नव्हता गेला तुझा गळा.

आजवर ज्याला दादा म्हणत आलास, तो
देवीलाल