बाबांच्या मोटरसायकलचा कार्बुरेटर

२ फेब्रुवारी, सोमवार
बाबांची मोटरसायकल घरी आणली. ते गेल्यापासून ताईच्या घरच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली होती. ताईची अट: पंधरा तारखेच्या रविवारपर्यंत ज्याच्या हातून सुरू होईल, त्याची गाडी. नाहीतर विकायची. गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे गाडी माझीच. ताईला स्टेपलरमध्ये पिना भरता येत नाहीत.

कार्बुरेटर चोंदलाय, हे नुसतं बघून ओळखलं. टाकीत ताजं पेट्रोल भरलं. आधी सेफ्टी, म्हणून टाकीखालचा नळ बंद केला. किती जणांना हे सुचतं?

४ फेब्रुवारी
कार्बुरेटर खोलला. व्हिडिओवाला म्हणतो, प्रत्येक भागाचा फोटो काढा. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. सगळे भाग फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये मांडले.

५ फेब्रुवारी, सकाळी
बायकोने ट्रे पाहिला. बोलणं बंद आहे. शांततेत कामात लक्ष लागतं.

७ फेब्रुवारी
जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू. आरपार उजेड दिसेपर्यंत घासला. जुना टूथब्रश फार उपयोगी पडला. नंतर कळलं की तो जुना नव्हता. बोलणं अजून बंदच.

९ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. सगळं जोडलं. एक स्प्रिंग उरली. कंपनीने जास्तीची दिली असावी.

संध्याकाळी
नव्हती दिली. पुन्हा खोलला.

१२ फेब्रुवारी
किक मारून मारून पोटरीत गोळा आला. गाडी हूं की चूं करत नाही. बायको बोलायला लागली. पहिलाच प्रश्न: पेट्रोल आहे ना? हसण्यावारी नेलं. टाकी काठोकाठ भरली आहे.

१३ फेब्रुवारी
पुन्हा खोलला, पुन्हा घासला. माझ्या कामात दोष नाही. हवा दमट आहे.

१४ फेब्रुवारी
ताईचा फोन. गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय. नव्याण्णव टक्के काम झालंय, असं सांगितलं.

फोन ठेवून सीटवर हात फिरवला. इथेच बाबांना मागून घट्ट धरून बसायचो. ही गाडी परक्या माणसाने नेलेली मला बघवणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
गिऱ्हाईकासमोर दमेपर्यंत किक मारली. त्याने घड्याळ पाहिलं. ताईने मला बाजूला केलं, वाकून टाकीखालचा नळ उघडला, जरा थांबली आणि एक किक मारली. गाडी सुरू.

लहानपणी ती पुढे टाकीवर बसायची. नळ उघडायचं काम बाबांनी तिला दिलं होतं म्हणे. मला मागून काय दिसणार?

अटीप्रमाणे गाडी ताईची. गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. ताई म्हणाली, "कार्बुरेटर मात्र झकास साफ केलास. चल, बस मागे."

बसलो. तिला घट्ट धरलं. कोपऱ्यावर डोळ्यांत पाणी आलं, पेट्रोलच्या वासाने असेल. एक मात्र लक्षात आलं. मागच्या सीटवरून इंजिनाचा आवाज जास्त नीट ऐकू येतो. देखरेख करणाऱ्याची जागा तीच.